स्वच्छ फ्रेम

पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचं प्रूफ टेबलावर आलं तेव्हा त्यानं फोटो पाहिलाच नाही, आधी डाग पाहिले. इतक्या वर्षांची खोड ती, एकदम थोडीच जाणार! छापखान्यात त्याचं कामच ते होतं. फोटोत जे नको असेल ते काढून टाकायचं. बिल्डरच्या पुस्तिकेतल्या इमारतीसमोरची विजेची तार, हॉटेलच्या खिडकीत वाळत घातलेला टॉवेल, कॅलेंडरवरच्या धबधब्यापाशी मध्येच येऊन उभा राहिलेला कुणी लठ्ठ गृहस्थ. सगळे त्याला 'सफाई खातं' म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. तर सवयीनं त्यानं भिंग घेतलं, वरचा डावा कोपरा तपासला, आभाळाचा निळा जरा जांभळ्याकडे झुकतोय असं मनाशी म्हटलं, आणि भिंग खाली सरकवत सरकवत तो रुळांपाशी आला. तिथे हात थांबला. रूळ ओळखीचे होते. ती पत्र्याची शेड, तो कललेला दिव्याचा खांब, वळणावरून कोवळ्या उन्हात येणारी ती एका डब्याची पिवळी गाडी. फोटो त्याचाच होता. मलपृष्ठाच्या आत बारीक अक्षरांत त्याचं नावही होतं. मोठ्या अक्षरांत मात्र असं होतं, की ही शाखा-लाइन बंद करण्याचा प्रस्ताव आहे, कुणाची हरकत असल्यास महिनाअखेरपर्यंत कळवावी. आणि फोटोखाली एकच ओळ: सकाळची गाडी, ऐन गर्दीची वेळ, फलाटावर एकही प्रवासी नाही.

"काय फक्कड फोटो आहे रे," फोरमन मागून डोकावत म्हणाला. "रंग नीट बघ हां. सरकारी काम आहे, उगाच परत यायला नको."

"प्रवासी आहेत यात," तो म्हणाला. पण ते इतकं हळू, की फोरमन तोवर कटिंग मशीनपाशी पोचलासुद्धा होता.

होते ना प्रवासी! शेडच्या मागे होते. सगळे होते. दूधवाली होती, तिच्या किटल्यांसकट. शाळेचे मास्तर होते, छत्री काखेत धरून. तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा घेणारे दोघे चुलतभाऊ होते, एकमेकांकडे पाठ करून. आणि त्याची ताई होती, हातात दवाखान्याची कापडी पिशवी घेऊन. त्यानंच त्यांना मागे पाठवलं होतं. "जरा दोन मिनिटं, एवढी गाडी आत येऊ द्या, मग या." त्यांची काही तक्रार नसे. उलट मजाच वाटे त्यांना. शहरातून माणूस येतो, आपल्या या खटारा गाडीचे फोटो काढतो, म्हणजे आपल्या गाडीत काहीतरी असणार! दूधवाली इतरांना दटावायची, "चला हो, पाहुण्यांचा खोळंबा नको." एकदा तिनं लाजत लाजत विचारलंही होतं, "आमचा नाही का काढायचा?" तो म्हणाला होता, "काढू की, गाडी गेल्यावर." गाडी गेल्यावर ती कशी असेल? ती गाडीतच बसून गेलेली असायची. हे त्याच्या तेव्हा लक्षातही आलं नव्हतं. आता त्यानं भिंग त्या शेडच्या कडेवर धरलं. तिथे, पत्र्याच्या शेवटच्या पन्हळीपलीकडे, अगदी दोन बोटांवर ताई उभी होती. भिंग कितीही सरकवलं तरी ती दिसणार नव्हती.

गाड्यांचे फोटो काढणाऱ्यांची एक जमात असते. बाहेरच्या माणसाला ते वेड वाटतं, आणि खरं सांगायचं तर ते वेडच आहे. या जमातीचा एक अलिखित कायदा आहे: फ्रेम स्वच्छ हवी. गाडी, रूळ, स्टेशन, डोंगर. माणूस नको. माणूस आला की तो भडक कपडे घालून येतो, तोंड वेडंवाकडं करतो, नाक पुसतो, आणि बघणाऱ्याची नजर गाडी सोडून त्याच्याकडे जाते. ग्रुपवर फोटो टाकला आणि कोपऱ्यात कुणाचं कोपर जरी दिसलं, तरी लगेच खाली शेरे पडायचे, 'कोपर उत्तम आले आहे.' त्याच्या फोटोंत कधी कोपर नसे. त्यासाठी तो ग्रुपमध्ये नावाजलेला होता. बायको म्हणायची, "तुमच्या फोटोंत भुतं तरी असतात का हो? एवढं मोठं स्टेशन आणि चिटपाखरू नाही. मला तर धडकीच भरते बघून." तो हसून सोडून द्यायचा. महिन्यातून एकदा पिशवीत कॅमेरा घालून निघाला की ती दारातून ओरडायची, "माझ्या सवतीला नमस्कार सांगा!" शेजारच्या बाईला तर पहिली दोन वर्षं ते खरंच वाटत होतं.

पण त्या लाइनवर तो आधी गाडीसाठी गेलाच नव्हता, ताईसाठी गेला होता. आई गेल्यावर ताईनंच त्याला वाढवलं. स्वतःची वेणी घालता घालता पाढे म्हणून घ्यायची, आणि चुकला की कंगवाच डोक्यात मारायची. तिचं लग्न होऊन ती त्या आडगावी गेली तेव्हा तो इतका रडला, की नव्या भाऊजींनी वैतागून म्हटलं, "यालाही घ्या बरोबर, हुंड्यात!" सुट्ट्या लागल्या की तो तिथेच. ताईच्या परसातून गाडी दिसायची. गाडी यायच्या आधी रूळ बारीक आवाज करू लागत, आणि ताई भाकरी थापता थापता म्हणायची, "छोटू, जा, तुझी आली बघ." पन्नाशी उलटली तरी तिच्यासाठी तो छोटूच. भाऊजी गेले, भाचा दूरदेशी नोकरीला लागला, ताई तिथेच राहिली. मग तिच्या किडन्या गेल्या. आता आठवड्यातून तीनदा लाइनच्या शेवटच्या गावात, दवाखान्यातल्या मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. गाडी घराशी थांबते, फलाटाला पायऱ्या नाहीत, डब्यात पाय लांब करायला जागा मिळते. दुसरा रस्ता आहे, नाही असं नाही. पण तो नदीपलीकडून. झुलत्या पुलावरून चालत जायचं, चढ चढायचा, आणि मग घाटातली बस. मशीनवरून उठलेल्या बाईला तो चढ म्हणजे फाशीच. तिच्या डाव्या हाताला सुई टोचण्यासाठी शीर जोडून घेतली होती. ती शीर कातडीखाली सतत थरथरे. एकदा तिनं त्याचा हात धरून तिथे ठेवला आणि म्हणाली, "बघ, रूळ वाजतायत की नाही?" त्यानं हात झटकन मागे घेतला होता. तिला वाईट वाटलं असणार.

आणि हे फोटो रेल्वेवाल्यांच्या हातात दिले कुणी? कुणी चोरले का? छे! त्यानंच दिले. उन्हाळ्यात रेल्वेच्या कुठल्याशा नियोजन कार्यालयातून पत्र आलं, की आपण या लाइनची उत्तम छायाचित्रे काढता असे समजते, एका प्रकाशनासाठी हवी आहेत, मानधन देता येणार नाही, नाव देऊ. नाव देऊ! त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं रविवार घालवून एकाहून एक फोटो निवडले, आणि प्रत्येकाखाली स्टेशन, वार, वेळ घातली. कुणी मागितली नव्हती वेळ. पण हौस ना! जमातीत वेळ घालायची पद्धत असते, म्हणजे गाडी कुठली ते कळतं. त्या वेळांनीच तर घात केला. नुसता रिकामा फलाट म्हणजे चित्र. सकाळच्या गाडीच्या वेळेचा रिकामा फलाट म्हणजे पुरावा. बायकोला त्यानं अभिमानानं दाखवलं, तर ती म्हणाली, "फुकट ते फुकट, वर टपालखर्चही तुमचाच का?" टपाल कसलं, सगळं कॉम्प्युटरवरून गेलं होतं. त्या रात्री त्याला छान झोप लागली होती. आता त्या झोपेची त्याला लाज वाटली.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर तो आपल्या पडद्यासमोर बसून राहिला. त्याच्या मनात आलं, आपण इतकी माणसं काढून टाकली आयुष्यात, मग घालता का येऊ नयेत? धुळीचा कण काढणारा हात माणूस बसवू शकत नाही की काय? नोकरी जाईल. जाऊ दे. त्यानं आपला सगळा संग्रह उघडला. ताईचा फलाट, पुढचं स्टेशन, पूल, बोगदा, धुकं, दंव, संध्याकाळ. शेकड्यांनी फोटो. एकातही माणूस नाही. ड्रायव्हरसुद्धा काचेवरच्या चमकेमागे लपलेला. ताईचा एक फोटो असावा ना, निदान एक? मिळाला तो भाच्याच्या लग्नातला, दुसऱ्याच कुणीतरी काढलेला, शालू नेसलेली. शेवटी छापखान्याच्या संग्रहात त्याला माणसं सापडली, बिल्डरच्या पुस्तिकेतली. एक हसरं कुटुंब, एक लॅपटॉपवाली मुलगी, गोल्फची काठी घेतलेले एक आजोबा. त्यानं ती तशीच उचलून फलाटावर ठेवली. सावल्या टाकल्या, उन्हाचा रंग दिला. हात सफाईनं चालत होता. मग मागे रेलून बघितलं, आणि त्याला हसू आलं. गोल्फवाले आजोबा चालले होते दुधाच्या गाडीनं. त्यानं सगळ्यांना एकेक करून पुसून टाकलं. फलाट पुन्हा स्वच्छ झाला. त्याचा त्यालाही शोधता आला नसता एखादा डाग.

मग त्यानं जिन्यात उभं राहून रेल्वेच्या त्या नियोजन कार्यालयाला फोन लावला. एका बाईनं उचलला. आवाजावरून गोड वाटली, आणि तेच वाईट झालं. खेकसली असती तर भांडता तरी आलं असतं.

"अय्या, तुम्हीच का ते! साहेबांना किती आवडले फोटो. मीटिंगमध्ये भिंतीवर मोठे करून दाखवले."

"अहो, पण त्यात माणसं नाहीत."

"हो ना! साहेब तेच म्हणाले. म्हणाले, आकडे बघून कुणाला काही वाटत नाही, हे बघा म्हणावं."

"तसं नाही हो बाई. माणसं होती. मी बाजूला केली होती."

"का बरं?" तिनं विचारलं. खरोखरच कळावं म्हणून विचारलं. जिन्यावरून एक पोऱ्या चहाची किटली घेऊन वर गेला, त्याला वाट द्यायला तो भिंतीला चिकटला. मग म्हणाला, "फोटो चांगला दिसावा म्हणून."

"असं होय," ती म्हणाली. तिलाही वाईट वाटलेलं दिसलं. "मग तुम्ही असं करा ना, माणसं असलेला एक फोटो पाठवा. भरलेली गाडी, भरलेला फलाट, असा. महिनाअखेरच्या आत आला तर हरकतींना जोडते मी. फोटोचा परिणाम होतो हो, आम्ही बघितलंय ना!"

एक फोटो. एवढंच तर हवं होतं. आयुष्यात जो एक फोटो त्यानं टाळला, तो. संध्याकाळी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. चेष्टा केली नाही, यावरून प्रकरण कुठवर आलंय ते त्याला कळलं. "वन्सना इथे आणू या," ती म्हणाली. मग दोघांनाही जिना आठवला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि सरकारी दवाखान्यातल्या मशीनसाठी रांग. "तुम्ही जा," ती म्हणाली. "काढा एकदाचा माणसांचा फोटो."

शनिवार ताईचा मशीनचा वार, आणि बाजारचाही. गाडी त्या दिवशी बऱ्यापैकी भरते. तो पुढच्या आठवड्यात शुक्रवारी दुपारीच सुटून घाटातल्या बसनं गेला आणि झुलत्या पुलावरून चालत संध्याकाळी ताईकडे पोचला. तो चढ उतरतानाही त्याला दम लागला. ताई ओट्यावर बसली होती, पाय खाली सोडून. पाय सुजले होते, बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहत होता. मशीनच्या आदल्या दिवशी असं व्हायचंच. त्यानं तिला सगळं सांगून टाकलं. पत्र, वेळा, मुखपृष्ठ, सगळं. वाटलं, आता कंगवा शोधेल. ताईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"म्हणजे आम्ही शेडमागे लपलो, म्हणून गाडी चालली?"

"नुसतं तेवढ्यानं नाही गं. पण..."

"पण तेवढ्यानंही." ती जरा हसली. "मास्तरांना नको सांगू. ते तर फोटो काढताना श्वाससुद्धा धरून ठेवायचे." मग म्हणाली, "उद्या सगळ्यांना समोर उभं करते बघ. दूधवालीला नवं लुगडं नेसून ये म्हणते. बिचारीची हौस तरी फिटेल." तो रडेल असं वाटून ती उठायला लागली, तर तिला उठता येईना. त्यानं हात दिला.

सकाळी ताईनं खरंच सगळ्यांना ओळीनं उभं केलं. दूधवालीनं केसात फूल घातलं होतं. चुलतभाऊ आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला तोंड करून उभे होते. पण फलाटावर आणखीही माणसं होती, आणि ती त्यानं हिशेबात धरली नव्हती. पुस्तिका बाहेर पडून चार दिवस झाले होते. लाइन बंद होणार ही बातमी त्याच्या जमातीत वणव्यासारखी पसरली होती. बंद होणारी गाडी म्हणजे त्यांची पर्वणी! तिवया, भिंगं, गळ्यात पट्टे. काही जण ओळखीचे निघाले, "अरे, कव्हर तुझंच ना? जबरदस्त!" म्हणत पाठीवर थापा मारून गेले. गावातली एकुलती एक जीप त्यांच्यापैकी चौघांनी आधीच ठरवून टाकली होती. गाडी सुटली की कच्च्या रस्त्यानं तिच्या पुढे पळायचं आणि पुढच्या वळणावर तिला पुन्हा गाठायचं. तोही एके काळी त्याच जीपमधून तसाच पळाला होता. जरा बरंही वाटलं त्याला. म्हटलं, होऊ दे गर्दी, फोटोला कुठे कळणार आहे कोण कशासाठी आलंय? अख्खा फलाट एका फ्रेममध्ये यावा म्हणून तो फलाटाच्या टोकापलीकडच्या दरडीवर चढला.

गाडी आली ती जंक्शनपासूनच गच्च भरून. खिडक्यांतून कॅमेरे, दारात लोंबकळणारे शहरी लोक, कुणी मोबाइल उंच धरलेला. आपल्या आयुष्यात त्यानं या डब्यात इतकी माणसं पाहिली नव्हती. त्याचं बोट आपोआप चालू लागलं. हा फोटो! हाच! त्या बाई हा भिंतीवर मोठा करून लावतील, आणि साहेब काय बोलतील मग? फलाटावर रेटारेटी सुरू झाली. दूधवालीच्या किटल्या आत गेल्या, मागोमाग ती गेली. मास्तर छत्री पुढे करून घुसले. दाराशी चेहरे, हात, पिशव्या, सगळं उन्हात झळझळत होतं, कोपरंच कोपरं. तो बेभान झाला होता. त्या गर्दीच्या कडेला एक हात वर झालेला त्याला भिंगातून दिसला. फ्रेमला तो हात फार छान होता, नेमका जिथे हवा तिथे, आणि त्यानं तो घेतला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. गार्डनं शिट्टी दिली. गाडी हलली. जीप धुरळा उडवत तिच्यामागे सुटली. धूळ बसली तेव्हा फलाटावर एक माणूस उरलं होतं, पिशवी छातीशी धरून.

तो दरडीवरून घसरत खाली आला, गुडघा खरचटला. गाडीमागे धावण्यात अर्थ नव्हता, तरी थोडा धावलाही. मग परत आला. ताई बाकावर टेकली होती. गार्ड म्हणाला होता, आजी, आज फार गर्दी आहे, उद्या या. त्यानं दवाखान्याला फोन लावला. तिथली नर्स म्हणाली, वेळेत नाही आल्या तर मशीन पुढच्या पेशंटला द्यावं लागतं, आता सोमवारीच आणा, तोवर पाणी अगदी घोटभर द्या, आणि धाप लागली तर थांबू नका, ताबडतोब आणा. कशातून आणू, असं त्याला विचारायचं होतं. जीपवाल्याला फोन लागेना. पुलाकडे जाऊ या म्हणून त्यानं ताईला उभं केलं. शेडच्या टोकापर्यंत ती गेली, आणि मग पत्र्याला धरून मान हलवली. तो तिला परत बाकावर घेऊन आला.

"आला का रे फोटो?" तिनं विचारलं.

"आला."

"बघू."

त्यानं कॅमेऱ्याचा छोटा पडदा तिच्यासमोर धरला. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. दूधवाली सापडली तेव्हा खूश झाली, "फूल दिसतंय हं तिचं!" मग पडद्याच्या कडेवर बोट ठेवलं. "आणि ही मी." तिचा श्वास जरा जड येत होता, दोन शब्दांमध्ये थांबावं लागत होतं. "तुलाच हात करत होते, छोटू. गार्डला ओरडून सांग म्हणून. तो तुला ओळखतो ना. दिसलं नाही का रे तुला?"

तिच्या आवाजात राग नव्हता. नाही म्हटलं असतं तर तिनं लगेच मानलं असतं. तिला मानायचंच होतं.

"दिसलं," तो म्हणाला.

ताईनं चष्मा काढून पिशवीत ठेवला. तो तिच्या शेजारी बसून राहिला. पुढची गाडी थेट संध्याकाळी होती, आणि तीही उलट्या दिशेची.